भंडाऱ्याचा भूगोल सातबाऱ्यावर लिहिलेला आहे!

इयत्ता तिसरीच्या पुस्तकात प्रत्येक जिल्ह्यातील मुलांना आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकविला जातो. भंडारा जिल्ह्यातील आमच्या मुलांनीही तो घोकून पाठ केला. वैनगंगा ही जिल्ह्याची मुख्य नदी. धान हे मुख्य पीक. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. तुमसर तालुक्यात मॅंगनीजच्या खाणी. मोहाडी तालुक्यात कोशाचे कापड. तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची ओळख. परीक्षेत या साऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. परंतु त्या पुस्तकात एक प्रश्न कधीच विचारला जात नाही. तलाव कोणाचा? बांधी कोणाची? आणि त्या बांधीत चिखलात उभे राहून पऱ्हे रोवणारी बाई कोणाच्या धुऱ्यावर उभी आहे? हा प्रश्न न विचारता शिकविलेला भूगोल म्हणजे नुसता नकाशा! नकाशाला जात नसते, गावाला असते. म्हणून आज आम्ही भंडारा जिल्ह्याचा इतिहास-भूगोल आमच्या नजरेने वाचणार आहोत. वाचकांनी तो आपल्या मुलांपुढे मोठ्याने वाचावा, ही विनंती.

प्रथम भूगोल. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडारा जिल्ह्यातून वाहत पुढे वर्धेला मिळते आणि प्राणहिता होऊन गोदावरीला जाते. बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद या तिला मिळणाऱ्या नद्या. उत्तरेला तुमसरकडे अंबागडचे डोंगर, मध्ये सपाट धानाचा मुलूख. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके भंडाऱ्याकडे राहिले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ होती. त्यात दर सहा माणसांमागे सुमारे एक माणूस अनुसूचित जातीचा. म्हणजे हा जिल्हा आपल्याला परका नाही. येथे आपण उपरे नाही. आपण येथे किती जुने आहोत, हे पवनीची माती सांगते.

पवनी हे वैनगंगेच्या काठचे गाव. मातीचा जुना तट आणि खंदक अजून दिसतात. येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटात इसवी सनापूर्वीच्या शतकांतला बौद्ध स्तूप निघाला. सुलेमान टेकडीवरही स्तूपाचे अवशेष मिळाले. दगडी कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यात उपासिका आहेत. त्यात नाग नावाच्या एका इसमाचा लेख आहे आणि तो स्वतःला पाच निकायांचा जाणकार म्हणवतो. एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नाव कोरले आहे. तथागतांवर फणा धरून पावसापासून त्यांचे रक्षण करणारा तोच हा मुचलिंद!

याचा अर्थ काय होतो? बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात सांगितले की, दीक्षेसाठी नागपूर निवडले ते नाग लोकांच्या इतिहासामुळे, या भागातील नागांनी बुद्धधम्माचा प्रसार केला म्हणून. त्या भाषणानंतर तेरा-चौदा वर्षांनी, नागपूरहून काही तासांच्या वाटेवर, जमिनीखालून ‘नाग’ हे नाव बौद्ध स्तूपाच्या दगडावर कोरलेले वर आले. एका शिलालेखाने सगळा इतिहास सिद्ध होतो, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. पण ज्या मुलखाला जंगली, मागास, संस्कृतीशून्य म्हणून हिणवले गेले, तेथे दोन हजार वर्षांपूर्वी पाच निकाय जाणणारा माणूस होता आणि स्वतःच्या नावाने दान देणारी स्त्री होती, एवढे तर दगडच सांगतो. त्या काळी जी बाई स्वतःच्या नावाने खांब दान देऊ शकत होती, तिच्या लेकीबाळींच्या नावावर पुढे वीतभर जमीनही का राहिली नाही? आमच्या दृष्टीने हाच भंडाऱ्याच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

आज पवनीला ‘विदर्भाची काशी’ म्हणण्याची हौस पुष्कळांना आहे. गावात मंदिरे आहेत, घाट आहेत, हे खरे. पण स्तूपाच्या अंगाने पवनीची ओळख कोण सांगतो? पवनीच्या मातीतले अवशेष पवनीबाहेरच्या संग्रहालयांत गेले आणि टेकड्यांवर झुडपे वाढली. सांचीला जगातून लोक येतात. पवनीला आपलीच माणसे पुरेशी जात नाहीत. जवळच रुयाड येथे महासमाधी भूमीवर स्तूप उभा राहिला, तेथे लोक जाऊ लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तेथे जाणाऱ्या किती बसगाड्या जगन्नाथ टेकडीपाशी थांबतात? दोष सरकारचा आहेच, पण थोडा आपलाही आहे.

आता मधला मोठा काळ ओलांडून तलावांकडे येऊ. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याचे धोरण ठेवले आणि कोहळी समाजाने तलाव बांधण्यात नाव कमावले, हे सर्वमान्य आहे. त्या कौशल्याचा आम्ही आदरच करतो. उताराचा अंदाज घेऊन पाळ घालायची, सांडवा काढायचा, पाटाने पाणी बांधीपर्यंत न्यायचे, वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात आणि उरलेले बोडीत उतरवायचे, हे ज्ञान कोणत्याही अभियंत्याने टोपी काढावी असेच आहे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. एकट्या भंडारा जिल्ह्यात ते हजारावर आहेत. परंतु पाळीवर मातीच्या टोपल्या वाहिल्या कोणी? तलावाच्या नावात बांधणाऱ्याचे नाव राहते, टोपली वाहणाऱ्याचे राहत नाही. आणि ज्याने टोपली वाहिली त्याला त्या तलावाच्या काठाशी पाण्याला शिवण्याची मुभा होती का, हे आपल्या आजा-आजींना विचारून पाहावे. ज्यांचे आजा-आजी हयात नाहीत, त्यांनी महाडचा सत्याग्रह कशासाठी झाला ते आठवावे.

नागपूरच्या भोसल्यांचे राज्य १८५३ साली संपले आणि हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८६० च्या दशकात इंग्रजांनी जमीनमहसुलाची जी व्यवस्था लावली, तिने भंडाऱ्याचे नशीब ठरविले. आधी जो पाटील सरकारसाठी सारा गोळा करीत असे, त्यालाच इंग्रजांनी गावाचा मालक करून टाकले. तोच मालगुजार! जमीन त्याची, तलाव त्याचा, गावठाण त्याचे, झाडझुडूप त्याचे. बाकीच्यांना उरला तो निस्तार, म्हणजे सरपण, चराई, पाणी यांपुरता वापराचा हक्क. त्या व्यवस्थेत आपला बाप कोण होता? गावाचा कोतवाल, जाडेभरडे कापड विणणारा, नाही तर मालगुजाराच्या शेतावर राबणारा. पुढे गिरणीच्या कापडाने माग बसविला, तेव्हा विणकराचा हात विडीच्या सुपाकडे आणि शेतमजुरीकडे वळला. भंडारा-गोंदियाच्या विडीचा धूर देशभर गेला. तेंदूची पाने तोडून, तंबाखूची धूळ छातीत घेऊन विड्या वळणाऱ्या आमच्या माय-बहिणींचे नाव मात्र कोणत्याही भूगोलात आले नाही.

३१ मार्च १९५१ पासून मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना नाव मिळाले ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजेच आजचे ‘मामा तलाव’. मामाचा लाड भाच्याला मिळतो म्हणतात. येथे भाचा कोण ते ज्याने त्याने ओळखावे! कारण कायदा आला तरी मालगुजारांची घरची सीर आणि खुदकास्त जमीन त्यांच्याकडेच राहिली. कसणाऱ्या कुळाच्या पदरी थोडे पडले, पण ज्याच्याकडे कूळपणाही नव्हता, जो केवळ मजूर होता, त्याला त्या क्रांतीत काहीच मिळाले नाही. मालगुजार गेला, मालगुजारी मन राहिले. तलावांचे धनी सरकार झाले आणि पाळीची डागडुजी कोणाचीच उरली नाही. गाळ साचला, बेशरमी माजली, काठावर अतिक्रमणे झाली. तलावावर मासे आणि शिंगाड्यावर जगणारा ढिवर बांधव, तलावाखाली मजुरी करणारा आपला माणूस आणि धानाला शेवटच्या पाण्याची वाट पाहणारा छोटा कुणबी, तेली, पोवार शेतकरी या सर्वांचे नुकसान एकच आहे. तरीही ते एकत्र बसत नाहीत. का बसत नाहीत, याचे उत्तर १९५४ सालात आहे.

बाबासाहेब १९५२ च्या जानेवारीत उत्तर मुंबईतून लोकसभेला पराभूत झाले. ज्यांनी देशाला संविधान दिले त्यांनाच लोकसभेत जागा मिळाली नाही. मग मे १९५४ मध्ये भंडाऱ्यात पोटनिवडणूक आली. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. बाबासाहेब शेड्युल्ड कास्ट फेडरेशनकडून राखीव जागेवर उभे राहिले. प्रकृती ढासळलेली असतानाही ते भंडाऱ्यात आले, सभा घेतल्या. जुने कार्यकर्ते सांगत असत की, आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, ते कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांचा विजय सोपा होईल, असा विचार पुढे आला होता. पण बाबासाहेबांनी त्याला साफ नकार दिला. ज्याने संविधानात मताचा अधिकार लिहिला, त्याने लोकांना मत वाया घालवायला सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते. निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेब पराभूत झाले. लोकांच्या मताने लोकसभेत जाण्याची त्यांची ही शेवटची लढत ठरली.

हा पराभव भंडाऱ्याच्या कपाळावर लागलेला आहे. तो पुसू नये. त्यातून शिकावे. पुणे कराराने आपल्याला संयुक्त मतदारसंघ मिळाला, म्हणजे आपला प्रतिनिधी निवडताना गावातील बहुसंख्याकांची मर्जी लागणार हे ठरले. १९५४ साली भंडाऱ्याने त्याचा अर्थ दाखवून दिला. राखीव जागा आपली आणि ती कोणाला द्यायची हे ठरविणारे दुसरे! आज भंडारा विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. पण राखीव जागेवर बसलेला माणूस पक्षाच्या हायकमांडला बांधील असतो की तलावाकाठच्या मजुराला, हे आम्ही वाचकांना सांगण्याची गरज नाही. आणि आपल्या पक्षांचे काय? एका निळ्या झेंड्याचे इतके तुकडे झाले की प्रत्येक गल्लीत एक राष्ट्रीय अध्यक्ष आहे. बाबासाहेबांनी पराभव पत्करला पण मत कुजविले नाही. आम्ही मात्र दर निवडणुकीत आपली मते आपल्याच हाताने कुजवीत आलो. हे कटू आहे, पण खरे आहे.

आणि मग खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातील हे गाव त्या दिवसापर्यंत कोणत्या नकाशात कोणी शोधत नव्हते. भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका, मुले सुधीर आणि रोशन या चौघांना गावाने ठेचून मारले आणि प्रेते कालव्यात फेकली. त्या क्रौर्याचे वर्णन पुन्हा करण्याची आमची इच्छा नाही. वाचकांच्या काळजात ते कोरलेले आहे. आम्हाला आज त्यातला भूगोल दाखवायचा आहे. भोतमांगे कुटुंबाकडे स्वतःची थोडी शेती होती. त्या शेतातून रस्ता काढण्यावरून वाद होता. म्हणजे भांडणाच्या मुळाशी काय होते? धुरा! ज्या जिल्ह्यात शेकडो वर्षे आपला माणूस दुसऱ्याच्या बांधीत राबला, त्या जिल्ह्यात एक बौद्ध बाई स्वतःच्या जमिनीचा धुरा राखू पाहत होती. मुलीला बारावीत शिकवीत होती. तिच्या शेतातून वाट पाडणे हा गावाला आपला हक्क वाटत होता आणि तिचे ‘नाही’ हा त्यांना गुन्हा वाटला. ज्या कालव्याचे पाणी धानाला जाते, त्याच कालव्यात तिची लेकरे सापडली. भंडाऱ्याचा भूगोल कोणाला शिकायचा असेल तर त्याने हा एक कालवा समजून घ्यावा, बाकी पुस्तक वाचले नाही तरी चालेल.

न्यायाचे काय झाले तेही नमूद करून ठेवू. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली दोष मानला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर २५ वर्षांच्या कारावासात केले आणि हे हत्याकांड जातीतून नव्हे, सूडातून घडले असे मानले. जमीन, रस्ता, पाणी, सूड असे सगळे शब्द न्यायालयाला दिसले. या सगळ्यांना एका दोरीत बांधणारा शब्द तेवढा दिसला नाही! भैयालाल भोतमांगे न्यायाची वाट पाहत २० जानेवारी २०१७ रोजी गेले. त्यांच्या अंत्ययात्रेच्या गर्दीत आपले किती नेते होते आणि त्यापूर्वीच्या दहा वर्षांत त्या एकट्या माणसाच्या दारात किती वेळा गेले होते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता धरणाचे पाहू. पवनी तालुक्यात गोसे गावाजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. मूळ खर्च होता ३७२ कोटी रुपये. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील २ लाख ५० हजार ८०० हेक्टर जमीन भिजविण्याचे स्वप्न होते. २००९ मध्ये प्रकल्प राष्ट्रीय झाला. खर्च हजारो कोटींवर गेला. भूमिपूजनाला जन्मलेली मुले बाप झाली, तरी कालव्यांची कामे रखडतच गेली. धरणाने गावे बुडविली. मोबदला कोणाला मिळाला? ज्याच्या नावाचा सातबारा त्याला. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्या मजुराचे बुडाले ते काम, नदीवरच्या ढिवराचे बुडाले ते डोह, विडी वळणाऱ्या बाईचे बुडाले ते गाव. हे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? आंदोलने झाली, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठे २०१३ मध्ये सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज निघाले. आणखी एक दुर्दैव पाहा. नागपूर शहराची सगळी घाण घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हानचे पाणी वैनगंगेतून गोसीखुर्दच्या जलाशयात येते. ज्या नाग नदीचे नाव घेऊन बाबासाहेबांनी आमच्या पूर्वजांचा इतिहास सांगितला, तीच नदी आज आमच्या पवनीच्या पदरात शहराचे सांडपाणी टाकते. शहराने विकास घ्यावा आणि खेड्याने घाण घ्यावी, ही गावकुसाबाहेरची जुनी रीतच आहे. फक्त आता ती जिल्ह्याच्या मापाने चालते.

तात्पर्य काय? स्तूपापासून धरणापर्यंत भंडाऱ्याचा इतिहास एकच गोष्ट सांगतो. पाणी आणि जमीन ज्याच्या नावावर, त्याचा इतिहास लिहिला जातो आणि बाकीच्यांचा पुसला जातो. म्हणून जयंतीची मिरवणूक आणि डीजेचा खर्च एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी काही साधी कामे हाती घ्यावीत, असे आम्ही सुचवितो.

पहिले काम, तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढाव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये या दोन्ही नोंदी सांगितलेल्या आहेत. गावाच्या तलावावर, पाण्यावर, वाटेवर, सरपणावर कोणाचे कोणते हक्क आहेत ते त्यात असते. आपल्या मुलाला गझल पाठ असते, निस्तार पत्रक ठाऊक नसते! दुसरे काम, भूमिहीन कुटुंबांची यादी करावी. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद तिच्यात आहे. जमीन विकायला कोणी तयार नाही म्हणून योजना अडते, असे सांगितले जाते. मग सरकारी पडीक जमिनींची मोजणी मागावी. दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात हीच मागणी घेऊन तुरुंग भरले होते. तिसरे काम, जमीन मिळेल तेथे घरातील बाईचे नाव सातबाऱ्यावर चढवावे. पवनीच्या त्या उपासिकेला आणि खैरलांजीच्या सुरेखाताईंना याहून मोठे अभिवादन आम्हाला सुचत नाही. चौथे काम, तलावाच्या प्रश्नावर ढिवर, गोवारी, गोंड, छोटा शेतकरी या सर्वांना एका सतरंजीवर बसवावे. बाबासाहेबांच्या वेळी जी दुसरी मते आपल्याकडे आली नाहीत, ती शिव्या देऊन येणार नाहीत. ती एकाच पाळीवर एकत्र माती टाकल्याने येतील.

आणि शेवटचे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाणाऱ्या भंडाऱ्याच्या प्रत्येक कुटुंबाने, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन पवनीची जगन्नाथ टेकडीही पाहून यावी. मुलाला सांगावे की, बाळा, तुझ्या पुस्तकात पितळ आहे, धान आहे, मॅंगनीज आहे, पण तू नाहीस. तू येथे आहेस, या दगडावर. आणि तू तेथेही हवास, तलाठ्याच्या वहीत. या दोन ठिकाणांच्या मधली जी दोन हजार वर्षे आपल्याकडून हिरावली गेली, ती भरून काढण्याचे काम आता तुझ्यावर आहे. जयभीम!